हुकुमावांचून

‘साहेबांचा हुकूम नाहीं’ हें आमच्या कारकून पुतण्याचें नित्याचें उत्तर. (हुकुमावांचून तो चहा तरी कसा घेतो, कोण जाणे !) पुढारीपण खुर्चीबरोबर येतें, हा समज आम्हांस कधींच पटला नाहीं. त्यास आम्ही एकच उदाहरण देतों. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनीं गोळीबार आरंभिला, तेव्हां उपनगरी गाड्या पुकारणारे विष्णु झेंडे कामावर होते. हातीं ना अधिकार, ना शस्त्र. होता केवळ ध्वनिक्षेपक. जागा न सोडतां त्यांनीं उतारूंस स्थानकाबाहेर निघून जाण्याविषयीं पुनःपुन्हां बजावलें. शेंकडों जीव वांचले. ते स्वस्थ बसते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांचें नेमलेलें काम गाड्यांच्या वेळा सांगण्याचें.