दाजी, मी आणि एमएस-सीआयटी

परीक्षेतल्या कॉपीवर मी आजवर बऱ्याच बातम्या केल्या. आज स्वतःची एक लिहितो. दाजींना विचारूनच लिहितोय. त्यांची एकच अट होती, नाव नको.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. वर्ष 2006. सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी सक्तीची झालेली. मुदत वाढत वाढत पुढं 2007 च्या डिसेंबरअखेरला थांबली, आणि जे त्यानंतर पास झाले त्यांच्याकडून घेतलेल्या वेतनवाढींची वसुली निघाली. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. दाजी तेव्हा चाळिशीत, म्हणजे ना तरुण ना सुटका. मला पण कॉम्प्युटर शिकणं भाग होतं. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो, पण बातम्या कागदावर लिहून फॅक्स करत होतो आणि पेपरवाले आता ईमेल मागायला लागले होते. मग दोघांनी एकाच बॅचला नाव घातलं.

वर्डमध्ये तक्ता काढा, एक्सेलमध्ये बेरीज लावा, फोल्डर करून फाईल सेव्ह करा, असलं शिक्षण. त्यात लोडशेडिंग. लाईट असेल तेव्हा क्लास. दाजींचा माऊस टेबलावरून घसरायचा, डबल क्लिक जमायचं नाही. पण माणूस जिद्दीचा. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पट्टीनं आखून कीबोर्ड काढला आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यावर बोटं चालवायचे. ताई हसायची. हसायचो मी पण.

गणपती उठल्यावर आम्ही एसटीनं सोलापूरला जाऊन ‘लगे रहो मुन्नाभाई’ बघितला. पहिला भाग दोघांनाही आवडलेला, म्हणून दुसरा बघायचाच होता. (गांधीजींच्या भूमिकेत आपले दिलीप प्रभावळकर, त्याचा दाजींना फार अभिमान. त्यांनाच बघायला आल्यासारखे बसले होते.) रेडिओवर गांधीजींवरची प्रश्नमंजुषा असते आणि मुन्ना प्राध्यापकांना उचलून आणून त्यांच्याकडून उत्तरं घेतो, त्या सीनला सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. पुढं खरंच व्याख्यान द्यायची वेळ येते तेव्हा तोच मुन्ना तीन दिवस, तीन रात्री लायब्ररीत बसून गांधी वाचतो. परतीच्या एसटीत दाजींनी विचारलं, "तीन दिवसांत होतं का रे एवढं पाठ?" मी म्हणालो, "दाजी, ते पिक्चर आहे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सेंटरवाल्या सरांनी पोक्त गुरुजींना बाजूला घेतलं. जनरेटरच्या खर्चाचे म्हणून पाचशे द्यायचे, मग सर चहाला बाहेर जाणार. कशासाठी ते कुणी बोललं नाही, आणि न कळायला कुणी लहान नव्हतं. पैसे मीच भरले. माझा पेपर अर्ध्या वेळात झाला. सर चहाला गेले होते. मी दाजींच्या खुर्चीमागं गेलो, बघितलं तर ते अजून अकराव्या प्रश्नावर. म्हणालो, "उठा दाजी." ते उठले. मी बसलो आणि धडाधड क्लिक केलं. दाजी मागं उभे होते, हाताची घडी घालून, त्यांच्या वर्गातली पोरं उभी राहतात तसे.

दोघं पास झालो. पेढे वाटले. वेतनवाढ वाचली. त्या सेंटरची बातमी मी केली नाही, कशी करणार?

पुढं डिसेंबर 2021 मध्ये पुणे पोलिसांनी टीईटीचा घोटाळा बाहेर काढला. मी तावातावानं लेख लिहिला. पैसे देऊन पात्र झालेले गुरुजी पोरांना काय शिकवणार, असलं बरंच काही. चांगला गाजला. संध्याकाळी दाजींचा फोन. "लेख बरा झालाय." थोडं थांबून म्हणाले, "आपलं पण लिही की कधीतरी." मी हसण्यावारी नेलं.

दाजी आता रिटायर झालेत. गेल्या 2 ऑक्टोबरला त्यांच्याकडं जेवायला गेलो तर टीव्हीवर तोच पिक्चर लागलेला. पेन्शनसाठी लाच मागणाऱ्या बाबूसमोर म्हातारे मास्तर एकेक कपडा काढून ठेवतात, तो सीन आला. दाजींची स्वतःची फाईल तेव्हा तीन महिने अडकलेली होती. मला वाटलं त्यावर काहीतरी बोलतील. ते टीव्हीकडं बघतच म्हणाले,

"अकरा प्रश्न माझे मी सोडवले होते. पुढचं पण थोडं येत होतं मला. तू जरा दम धरायला पाहिजे होतास."

एकोणीस वर्षं मी धरून चाललो होतो की मी त्यांच्यावर उपकार केले. त्यांना येतं का, हे मी विचारलंच नव्हतं. पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड रोज बघत होतो, तरी नाही. ताईनं आतून भाकरी वाढू का विचारलं. मला उत्तर सुचेना.

ही पोस्ट टाकायच्या आधी दाजींना फोनवर वाचून दाखवली. सगळी शांतपणे ऐकली आणि एकच दुरुस्ती सांगितली. पाचशे नव्हते, सातशे होते. वरचे दोनशे त्यांनी दिले होते, मला न सांगता.

वर पाचशेच ठेवलेत. मला तेवढेच माहीत होते.