चार वाव पाणी

अब्बांना अमेरिकेत आणायला मला अकरा वर्षं लागली, आणि आले तेही पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत मिरकरवाड्यात बोटी ताडपत्र्या पांघरून उभ्या असतात आणि माणसं जाळी विणत बसतात. अब्बांनी समुद्र सोडून नऊ वर्षं झाली, तरी हंगामात रत्नागिरी सोडायची त्यांची तयारी नसते. "बंदीत येतो," म्हणाले, जणू त्यांचीच बोट अडकून पडणार होती.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात ते चौथ्या दिवशी कंटाळले. माझा पंधरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून बास माशाच्या नादाला लागलाय. आजवर तो जवळच्या गढूळ तळ्यात गळ टाकायचा. त्याने हट्ट धरला की दादांना घेऊन लेक जॉर्जला जाऊ. (दादा म्हणजे आमच्यात आजोबा. हे मला इथल्या मराठी मंडळात दर वेळी सांगावं लागतं.) लेक जॉर्ज आमच्यापासून गाडीने साधारण चार तासांवर, न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत आहे. ३२ मैल लांब, अरुंद सरोवर, त्यात १७० च्या वर बेटं. सगळ्यात खोल जागी १९६ फूट. अब्बांनी मनातल्या मनात भागाकार केला. "तेहतीस वाव," म्हणाले. "एवढं पाणी गाठायला आम्हाला किती लांब जावं लागायचं!"

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर, सुमारे सहा फूट.

सोळाच्या आतल्या मुलाला इथे मासेमारीचा परवाना लागत नाही. मी माझा काढला. अब्बांना सांगितलं तर ते बघतच राहिले. "माशाला विचारायला कागद?" त्यांनी परवाना घेतला नाही, म्हणून काठीही हातात धरली नाही. दोन्ही दिवस ते होडीत नुसते बसून होते. निदान मला तसं वाटलं होतं.

होडी भाड्याने देणारा म्हातारा गप्पिष्ट होता. अब्बांचे हात बघून त्याने मला विचारलं, हे काय काम करायचे? मी म्हणालो, सी-फूडचा बिझनेस होता. माझ्या तोंडात हे वाक्य तयारच असतं. मुलगा मागून म्हणाला, "ही वॉज अ फिशरमन. फिफ्टी इयर्स." म्हाताऱ्याने अब्बांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. अब्बांना इंग्रजी येत नाही, पण 'फिशरमन' कळतं. बंदरावरच्या सरकारी पाट्यांवर असतं ते.

ते तेव्हा काही बोलले नाहीत.

पहिला दिवस फुकट गेला. कारण एकच, पाणी काचेसारखं होतं. पंधरा-वीस फूट खालचे दगड, त्यांवरचं शेवाळ, बुडालेली फांदी, सगळं स्वच्छ दिसत होतं. आम्ही बापलेक जे दिसलं त्याच्यावर गळ टाकत सुटलो. प्रत्येक मोठ्या दगडामागे मासा असणार असं वाटायचं, आणि असायची ती बोटभर पिल्लं. रबरी किड्यामागे चार हात यायची आणि परत फिरायची. संध्याकाळी लक्षात आलं की आपल्याला तळ दिसतो तर तळाला आपणही दिसतो. होडीची सावली, हलणारा हात, जाड दोरा. अशा पाण्यात उजेड खोलवर जातो, त्यामुळे पाणवनस्पतीही खोलवर उगवतात आणि जुलैच्या उन्हात मोठा मासा त्याहून खाली उतरतो. म्हणजे आम्हाला दिसत होती तेवढी सगळी जागा जवळजवळ रिकामी होती.

अब्बा दिवसभर सीगल शोधत होते. पक्षी कुठे घिरट्या घालतात, प्रवाह कुठे वळतो, पाण्याचा रंग कुठे बदलतो, यांवर त्यांची पन्नास वर्षं गेलेली. इथे ना भरती ना ओहोटी. दुपारी कबूल करून टाकलं, "मला हे पाणी कळत नाय."

रात्री तंबूबाहेर मुलाने फोनवर सरोवराचा नकाशा उघडला. त्यावर समान खोलीच्या रेषा असतात. रेषा दाटीवाटीने असतील तर तिथे कडा, विरळ असतील तर सपाटी. रेषा किनाऱ्यापासून आत जिभेसारखी लांबली असेल तर जमिनीवरचा सुळका पाण्याखालीही पुढे गेलेला असतो. आणि मध्येच एखादं बंद वर्तुळ असेल तर तो बुडालेला उंचवटा. मुलगा एकेक बोट ठेवून दाखवत होता आणि मी अब्बांसाठी मराठी करत होतो. स्मॉलमाउथ बासला दगडधोंडे आवडतात, कारण त्यांच्या फटींत क्रेफिश असतात, आपल्या चिंबोरीची नि कोळंबीची गोडया पाण्यातली भावंडं. जवळ खोल पाणीही हवं, चटकन खाली उतरायला. म्हणजे खायची जागा आणि लपायची जागा शेजारीशेजारी.

"हा तर हेकरू झाला," अब्बा म्हणाले. "खडपाला चिकटून राहतो. खडपाच्या डोक्यावर नाय, कडेला."

मग त्यांनी नकाशातलं एक वर्तुळ निवडलं. एका बेटाच्या दक्षिणेला, साठ फुटांतून वर चोवीस फुटांपर्यंत आलेला उंचवटा. किनाऱ्यापासून लांब, वर काहीच खूण नाही. "दहा वावांतून चार वाव. इथे जाऊ."

सकाळी फजर पढून निघालो, पाण्यावर धुकं होतं. अब्बांनी आदल्या रात्री दुकानातून आणलेली सुताची दोरी हात पसरून पसरून मोजली होती, प्रत्येक वावाला गाठ आणि पाचव्याला लाल चिंधी. टोकाला शिशाचं वजन, आणि त्याच्या बुडाला चोळलेला अंगाचा साबण. साबण कशाला, मुलाने विचारलं. खालचं काय आहे ते चिकटून वर येतं. चिखल असेल तर चिखल, रेती असेल तर रेती. साबण कोरा आला आणि शिशाला ओरखडा असेल तर खडक.

फोनचा ठिपका आम्हाला उंचवट्यावर घेऊन गेला खरा, पण वाऱ्याने होडी सरकायची आणि ठिपका मागून डुलत यायचा. अब्बांनी शिसं सोडलं. नऊ वाव, साबणाला काळा गाळ. वल्ह्याने थोडं पुढे. आठ, गाळ. सहा, खरखरीत रेव. चार, आणि शिसं आपटल्याचा ठणका मला दोरीला हात न लावता त्यांच्या मनगटात दिसला. साबण कोरा.

"आता वर बघ," ते नातवाला म्हणाले.

बेटावर एक वाळलेला पाइन होता. त्याच्या मागच्या डोंगरात एक खाच होती. पाइन बरोबर खाचेत बसला होता. मग उजवीकडे लाल छपराचं घर, आणि त्याच्या पुढ्यात लाकडी धक्क्याचं टोक. ती दोन्हीही एका रेषेत. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण. अब्बा रत्नदुर्गावरचं दीपगृह आणि मागचे डोंगर असेच जुळवायचे, हे मला ठाऊक होतं. लहानपणी त्यांच्या होडीत बसून ते पाहिलं होतं. शिकलो मात्र नाही, कारण तोपर्यंत घरात ठरलं होतं की मी हे शिकायचं नाही.

हे नीट सांगायला हवं. रत्नागिरीकडे मासेमारी करणाऱ्या मुसलमानांना दालदी म्हणतात. मशिदीत सफेत आपण सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतो, पण सोयरिकीचा विषय निघाला की आवाज खाली जातो, "ते दालदी आहेत." माझं एक स्थळ याच तीन शब्दांवर मोडलं होतं, मुलीकडच्यांनी माझी पदवी विचारून झाल्यावर. इस्लाममध्ये जात नाही हे मी इथेच कितीदा लिहिलंय. आणि तोच मी वीस वर्षं इफ्तारच्या दस्तरख्वानावर सी-फूडचा बिझनेस म्हणत आलो. मुलालाही मी फार काही सांगितलं नव्हतं. त्याने ते फोनवर दादांनाच विचारून घेतलं होतं.

अब्बांनी होडी चार वावांवर थांबू दिली नाही. कडेला नेली, जिथे खडक संपून रेव लागते आणि पाणी सहा वावांकडे उतरतं. मुलाने बारीक दोरा लावून गळ सोडला. मग तळ हाताला कसा लागतो ते तोच मला सांगू लागला, खडकावर टकटक, रेवेवर खरखर, गाळात नुसतं जड. तिसऱ्या वेळी काठी वाकली.

मासा कांस्यरंगी, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा. पंधरा इंच. बारा इंचांच्या वरचे पाच ठेवायची मुभा आहे, पण मुलाने व्हिडिओत बघितलं होतं तसा फोटो काढून सोडून दिला. दुसराही. अब्बा गप्प. तिसरा मासा सोडला तो खाली गेलाच नाही. पोट वर करून होडीशेजारी तरंगत राहिला. खोलातून भरभर वर ओढला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि त्याला बुडता येत नाही. पाच-सहा वावांवर हे व्हायला लागतं.

"पकडून सोडायचा तर पकडला कशाला?" अब्बा म्हणाले. "रिज्क आहे तो. खेळणं नाय."

माझ्याकडे उत्तर होतं. थंड पाण्यातला हा मासा हळू वाढतो, एवढा व्हायला त्याला कित्येक वर्षं लागतात, सगळ्यांनी खाल्ला तर सरोवर रिकामं होईल, सोडण्यात अर्थ आहे. आपल्या समुद्राचं काय झालं ते अब्बांनीच पाहिलंय. उथळ पाण्यात हा वाद मी जिंकलोही असतो. पण डोळ्यांसमोर ते पांढरं पोट तरंगत होतं. मुलाने जाळीने तो उचलून आत घेतला. आणखी एक पकडला आणि काठी स्वतःच खाली ठेवली. त्या जागी अजून मासे होते, दोऱ्याला धक्के जाणवत होते.

परतताना मी वल्हवत होतो, अब्बा समोर दोरी गुंडाळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "काल त्याला तू काय सांगितलंस?"

"बिझनेस."

"हां." चिंधीपाशी दोरी अडकली होती, ती त्यांनी सोडवली. "तुला शिकवायचं नाय हे मीच ठरवलं होतं."

एवढंच बोलणं झालं. मी काही म्हणालो नाही. काय म्हणायचं होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारी दोन्ही मासे घरून नेलेलं तिखट-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून तळले. अब्बांनी काटे व्यवस्थित बाजूला काढले आणि निकाल दिला: मांस घट्ट, चव नाही, समुद्राचं मीठ लागलेलं नाही त्याला. तरी डोकंसुद्धा सोडलं नाही.

मग सिग्नल मिळेल अशा जागी, टेकाडावर जाऊन त्यांनी मिरकरवाड्यात आपल्या जुन्या तांडेलाला फोन लावला. तिकडे रात्र, बाहेर पाऊस. अब्बा ओरडून सांगत होते, चार वाव, खडप, कडेला सहा, वाळका झाड खाचेत धरायचा. आणि पाणी असं की शिसं खाली जाताना तीन वावांपर्यंत डोळ्यांना दिसतं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. अब्बा चिडले, फोन नातवाच्या हातात दिला आणि म्हणाले, "सांग त्याला. माझ्यावर विश्वास ठेवत नाय."