दुसऱ्याच्या भाषेतील अगत्य

परभणी जिल्ह्यातील झरी येथे एका बँकेच्या शाखेत आम्ही काही वर्षे कारकुनी केली. त्या काळात वारंगळकडील एक गृहस्थ आमचे वरिष्ठ म्हणून बदलून आले. परप्रांतात येऊन पडलेल्या मनुष्याच्या कानी चार शब्द घरचे पडावेत, या सद्‌हेतूने आम्ही तेलुगूचे एक पुस्तक पैदा करून महिनाभर घोकंपट्टी केली. सद्‌हेतू म्हटला खरा. पण त्यात आपली विद्या चारचौघांत मिरविण्याची हौस किती होती, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे.

तेलुगूत आदराने 'या' म्हणण्याचा जो शब्द आहे, तो मराठी कानाला इतका अश्लाघ्य वाटतो की, बायाबापड्यांनी भरलेल्या कचेरीत तो आमच्याच्याने उच्चारवेना. त्याचे आखूड रूप 'रा' तेवढे निरुपद्रवी दिसले. साहेब दारात दिसताच आम्ही खड्या आवाजात 'रा' म्हणून त्यांचे स्वागत केले! त्यांचा चेहरा क्षणभर पडला. 'रा' म्हणजे नुसते 'ये'. धाकट्याला किंवा जिवलगाला म्हणावयाचे. आमच्याहून दहा वर्षांनी वडील असलेल्या मनुष्यास आम्ही भर कचेरीत अरेतुरे केले होते. ते मात्र शांतपणे, मराठीत, 'नमस्कार' एवढेच म्हणाले.

त्या 'नमस्कारा'चा अर्थ आमच्या ध्यानात यावयास आणखी पंधरा दिवस लागले. आम्ही तेलुगू चालूच ठेवली. पीककर्जासाठी येणारे शेतकरी त्यांच्याशी हिंदीत बोलत. परक्यापुढे आपली भाषा आवरती घेण्याची आमच्या भागातील ही खोड जुनी आहे. 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल आणि कचेरीत उर्दू. वारंगळ आणि परभणी तेव्हा एकाच राज्यात होती. 1956 साली भाषावार वाटणी झाली, तेव्हा ती वेगळी झाली. एके दिवशी साहेबांनी आम्हांस विचारले, "माझं मराठी फार वाईट आहे का? मग कुणीच माझ्याशी मराठी का बोलत नाही?"

आम्ही खजील झालो. रोज रात्री ते मराठीचे धडे वाचीत होते, आणि सकाळी आम्ही आमच्या मोडक्या तेलुगूने त्यांचे तोंड बंद करीत होतो.

त्या दिवसापासून आम्ही मराठीच बोलू लागलो. ते 'बाई आलं' म्हणत, तेव्हा पूर्वी आमचे सोबती हसत. वास्तविक तेलुगूत एकवचनी स्त्रीला आणि वस्तूला क्रियापद एकच असते. मग त्या बिचाऱ्यांचा दोष तो काय? दुरुस्ती मात्र त्यांनी विचारल्यावाचून आम्ही कधी केली नाही. मग तेच हळूच विचारीत, "आली, की आलं?"

आदराचा तो तेलुगू शब्दही पुढे त्यांनीच आम्हांस म्हणावयास लावला. पण खोलीचे दार लावून घेऊन.