दौलत

दिल्लीच्या किनारी बाजारात शिरलं की आधी डोळ्यांत भरतात गोटा, जरी आणि लग्नाचे फेटे. ती चटकन दिसत नाही. गल्लीच्या वळणावर वेताच्या तिवईवर मोठी परात, परातीवर पांढरा मलमलचा फडका आणि त्याखाली ती, दौलत की चाट. नावात चाट असली तरी चिंच नाही, तिखट नाही. दुधाचा नुसता फेस, माथ्यावर केशराची पिवळी झाक.

तिचा जन्म रात्रीचा. तापवून निववलेलं सायीचं दूध उघड्यावर ठेवतात, उजाडायच्या आत घुसळायला बसतात आणि वर येणारा फेस हलक्या हाताने काढून परातीत रचत जातात. दव पडल्याशिवाय ती साधत नाही, असं विकणारे सांगतात. मला वाटतं, खरी करणी गारठ्याची. थंडीने दुधातला स्निग्धांश घट्ट होतो आणि बुडबुडे धरून ठेवतो. ऊन लागलं की पकड सुटते, ती खाली बसते. म्हणून दिवाळीनंतर यायचं आणि होळीच्या सुमारास निघायचं, हा तिचा नेम. लखनौची निमिष, कानपूरचं मलई मक्खन, बनारसची मलइयो या तिच्या बहिणीही अशाच, हिवाळ्यापुरत्या.

विकणाऱ्याने द्रोणात तिचा ढग ठेवला, वर खवा, भुरा साखर, पिस्ते आणि चांदीचा वर्ख. खरवस-श्रीखंडावर वाढलेली माझी जीभ काहीतरी धरायला गेली, तर धरायला काहीच नव्हतं. गारवा, केशराचा वास, मग साखरेची बारीक करकर. पहिला खरंच खाल्ला का, याची खात्री करायला दुसरा द्रोण मागितला.

तो वर्ख पाहिला की माझं मन लाल किल्ल्याकडे जातं. किल्ला इथून चालत जाण्याइतका जवळ. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी तिथल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून फौजेच्या खर्चासाठी रुपये पाडले. पानिपत काही महिन्यांवर आलं होतं. ज्या शहरात भाऊंच्या माणसांना धान्याची आणि पैशाची चणचण भासली, तिथे मी द्रोण हातात घेऊन उभा असतो. ती आठवण मला टाळावीशी वाटत नाही.

आता ती द लोधी हॉटेलातल्या इंडियन अ‍ॅक्सेंटमध्येही भेटते, खोट्या नोटांसोबत मांडलेली. तिचं तिथे कौतुक होतं, याचा मला आनंदच आहे. पण दिल्लीत दोनच दिवस असाल, तर पिवळ्या मेट्रोने सकाळीच चांदनी चौक गाठा. गुरुद्वारा शीशगंजला माथा टेका, दरिब्याच्या गल्लीतून आत वळा आणि तिच्यापाशी उभे राहून खा. घरच्यांसाठी मी एकदा डबा पुढे केला, तेव्हा विकणाऱ्याने हसून मान हलवली. "पोहोचेपर्यंत दूध होईल, साहेब."

बारा वाजत आले होते. छपरांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी परातीच्या काठावर आली. त्याने फडका ओढला आणि तिवई उचलून भिंतीलगतच्या सावलीत नेली.