रंगावर जाऊ नका!

मराठीत सरड्याइतकी बदनामी क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल. नेत्याने पक्ष बदलला की सरडा, मित्राने शब्द फिरवला की सरडा. धाव कुंपणापर्यंत, तीही सरड्याचीच! आणि एवढं करून ज्या रंगांवरून बिचाऱ्याला टोमणे बसतात, ते रंग नेमकं काय सांगत असतात, हे मात्र कुणी विचारत नाही. मला ते कळलं २०२४ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधल्या एका दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. शिकवणारीचं नाव चटणी.

चटणी माझ्या मावसबहिणीची. म्हणजे ताईने पाळलेली कॅमेलिऑन. हिरवीगार, अगदी कोथिंबिरीच्या चटणीचा रंग, म्हणून चटणी. तिची जात व्हेल्ड कॅमेलिऑन, मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातली. अमेरिकेत ही जात ब्रीडर्सकडे आणि पेट शॉपमध्ये सहज मिळते. ताईने ती २०२१ मध्ये आणली. डिपेन्डन्ट व्हिसा, हातात कॉम्प्युटरची डिग्री, नोकरी करायला परवानगी नाही आणि दिवसभर घरात एकटी. ‘कुत्रा चालणार नाही’ असं लीजमध्ये लिहिलेलं. मग जाळीच्या उंच पिंजऱ्यात, फांद्यांवर, ही दोन डोळे दोन दिशांना फिरवणारी बाई आली. ताई म्हणते, ‘त्या दोन वर्षांत दिवसा माझ्याकडे बघणारं घरात दुसरं कुणी नव्हतं गं.’

मी तिथे तीन महिने राहायला गेले होते. लॅपटॉप उघडला की फ्रीलान्सरचं ऑफिस सुरू, त्यामुळे कुठूनही काम चालतं. ऑगस्टमध्ये मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ताई बारा दिवसांसाठी पुण्याला गेली. जाताना माझ्या हातात एक दोनशे पानी वही ठेवली. चटणीची वही!

काय होतं त्यात? लाइट लागल्यावर ती किती वाजता दिव्याखाली येऊन बसली. किती रातकिडे खाल्ले. पानांवर पाणी फवारल्यावर प्यायली का. (कॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा ओळखतच नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात.) शी कशी होती. आणि रविवारी किचनच्या काट्यावर वजन. एका दिवसाला एक ओळ. जिजू हसायचे. त्यांच्या लेखी चटणी म्हणजे ‘पालीची अमेरिकन मावशी’.

वहीच्या पहिल्या पानावर ताईने लाल पेनाने लिहिलं होतं : रंगावर जाऊ नका, सवयीवर जा.

हा फंडा समजून घेण्यासारखा आहे. आपल्याला वाटतं, कॅमेलिऑन आजूबाजूचा रंग बघून लपण्यासाठी रंग बदलतो. मुळात तो बदलतो ते तापमान, ताण, भांडण, प्रेम यांच्यानुसार. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्या त्वचेतल्या काही पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं, की त्यावरून परावर्तित होणारा रंग बदलतो. म्हणजे सकाळी थंडी वाजतेय म्हणून ती काळपट दिसेल, झोपेत फिकट पडेल, आरशात स्वतःला बघून पट्टेरी होईल. नुसत्या रंगावरून आजार ठरवायला गेलात तर रोज घाबराल, आणि ज्या दिवशी खरंच घाबरायला हवं, त्या दिवशी म्हणाल, ‘मूड असेल!’

शिवाय ही जमात आजार लपवण्यात पक्की. रानात जो अशक्त दिसला, त्याला शिकाऱ्याने आधी उचललाच. त्यामुळे पिंजऱ्यातही ती शेवटपर्यंत ‘आय अ‍ॅम फाइन’ करत राहते. ऑफिसात ताप अंगावर काढणाऱ्या आपल्यासारखीच. फरक इतकाच, की तिला संध्याकाळी घरी जाऊन कण्हताही येत नाही.

ताई गेल्यानंतर चार दिवस सगळं आलबेल. पाचव्या दिवशी रातकिडे तसेच. अंगावर पिवळे-निळसर ठिपके, आणि एरवी वरच्या फांदीवर बसणारी चटणी पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालायला लागली. वहीत मागे पाहिलं तर २०२३ च्या एका पानावर हीच लक्षणं आणि पुढे ‘अंडी घातली, सुखरूप!’ व्हेल्ड कॅमेलिऑनची मादी नर नसतानाही अंडी घालते, कोंबडीसारखी. ती उबत नाहीत, पण घालावी तर लागतातच. ताईने सांगून ठेवल्याप्रमाणे मी फूटभर खोल ओल्या वाळूची बादली आत ठेवली आणि पिंजऱ्यावर चादर टाकली. कुणी बघतंय असं वाटलं, तर ती खणणं अर्धवट सोडते.

दोन दिवस ती खणत राहिली. अर्धा खड्डा, मग बाहेर. पुन्हा खड्डा, पुन्हा बाहेर. आणि आठव्या दिवशी सकाळी साडेदहाला चादर बाजूला केली तर ती तळाशी बसलेली. हलत नव्हती. डोळे बंद. डोळ्यांभोवतीचा फुगीर भाग आत गेलेला. रंग? अगदी छान हिरवा!

दिवसाढवळ्या मिटलेले डोळे ही कॅमेलिऑनच्या बाबतीत ‘उद्या बघू’ची गोष्टच नाही. रात्र सोडली तर ही जात डोळे मिटून बसत नाही. वहीत ताईची ओळ होती : ‘दिवसा डोळे बंद = फोन कर.’ मी केला. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारी क्लिनिक्स वेगळी असतात, नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे जाऊन सहसा भागत नाही. फोनवरच्या मुलीने धडाधड प्रश्न विचारले. शेवटचं कधी खाल्लं? पाणी? शीतला पांढरा भाग पांढराच आहे की केशरी? यूव्हीबी दिवा कधी बदलला? मी वही उघडून वाचत गेले. पांढरा भाग दोन दिवसांपासून केशरी, म्हणजे शरीरात पाणी कमी. वजन मात्र वाढलेलं. दिवा चार महिन्यांपूर्वीचा. ती म्हणाली, ‘एक वाजता घेऊन या.’

जिजू मीटिंग सोडून गाडी काढायला तयार झाले, पण म्हणाले, ‘ताईला आत्ता सांगू नकोस. उद्या सकाळी आईंचं ऑपरेशन आहे.’ पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा. त्यांचं चूक नव्हतं. पण डॉक्टरने ऑपरेशन करू का विचारलं, तर उत्तर कुणी द्यायचं? मी म्हटलं, ‘जिजू, तुम्ही गाडी काढा, मी सांगते.’ ताई क्षणभर गप्प झाली. मग एकच प्रश्न. ‘डोळे उघडतेय का?’ मी म्हटलं, हात लावला की अर्धवट. ‘मग डॉक्टर म्हणेल ते कर. आणि वही घेऊन जा.’

एक छोटा खोका, आत मऊ टॉवेल, झाकणाला भोकं, गाडीत एसी बंद. वाटेत पाणी पाजायचं नाही, तोंड उघडून भरवायचं नाही. अशक्त सरड्याच्या घशात जबरदस्तीने काही घातलं, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

एक्स-रेमध्ये चटणीचं पोट म्हणजे मोत्यांचा डबा दिसत होता. डॉक्टरने सोपं करून सांगितलं. इतकी अंडी तयार करण्यात अंगातलं कॅल्शियम खर्ची पडतं, आणि अंडी बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंना तेच कॅल्शियम लागतं. कोरडी हवा, त्यात पाणी कमी पडलेलं. एकही अंडं वेडंवाकडं किंवा अडकलेलं दिसत नव्हतं. म्हणून आधी त्वचेखाली सलाइन, कॅल्शियमचं इंजेक्शन आणि चोवीस तास संपूर्ण शांतता. नाही जमलं तर भूल देऊन ऑपरेशन, आणि इतक्या अशक्त जिवाला भूल देणं जोखमीचं. ऑपरेशनच्या अंदाजे खर्चाचा कागद समोर आला. जिजूंनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. म्हणाले, ‘लागलं तर करा.’

त्या दिवशी घरात टीव्ही नाही, मिक्सर नाही. जिजूंनी ऑफिसचे सगळे कॉल पार्किंगमध्ये, गाडीत बसून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी चादरीआडून वाळूचा खरखर आवाज आला. आम्ही दोघं किचनमध्ये, हातात गार झालेला चहा, बोलणं बंद. तीन तासांनी आवाज थांबला. खड्डा बुजवून वर थापून दिलेला. चटणी बाहेर आली ती कातडी लोंबणारी, लुकडी, मातीने माखलेली, आणि थेंब गळणाऱ्या पानाखाली बसून पाणी पीतच राहिली. डोळे टक्क उघडे. एक जिजूंवर, एक माझ्यावर. वाळूत एक्केचाळीस अंडी निघाली. मावशीचं ऑपरेशनही तोपर्यंत नीट पार पडलं होतं. ताईला फोटो पाठवला, तर तिने उत्तरात फक्त रडणारी नऊ तोंडं पाठवली.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरने सांगितलेलं मी वहीत उतरवलं. मादीला भरपूर खायला घातलं आणि दिवा फार तापवला, की अंडी जास्त होतात. म्हणून खाणं बेताचं आणि दिव्याखाली २७ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब. यूव्हीबी दिवा सहा ते बारा महिन्यांनी बदलायचा. तो दिसायला पेटलेला असतो, पण हाडांसाठी हवा तो किरण हळूहळू संपत जातो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्याला पर्याय नाही. पाय वाकडे दिसले, फांदीवरची पकड ढिली झाली, जीभ भक्ष्यापर्यंत पोचेना, तर कॅल्शियमची कमतरता असू शकते. मान वर ताणून, तोंड उघडून, टकटक आवाज करत श्वास घेतला, तर छातीचं इन्फेक्शन. नुसतं दिव्याखाली तोंड उघडलं, तर कदाचित उकडत असेल. एका लक्षणावरून निदान नाही, पण रोजच्यापेक्षा वेगळं दिसलं की नोंद हवीच.

आता तुम्ही विचाराल, पुण्या-मुंबईत बसून हे आम्हाला कशाला? पहिली गोष्ट, आपल्याकडचा कॅमेलिऑन म्हणजे सरडगुहिरा. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पाळणं गुन्हा आहे, कितीही क्यूट वाटला तरी. तो विषारी नसतो, तरी भीतीपोटी मारला जातो. बागेत जखमी सापडला तर वनविभागाला कळवा, घरी आणू नका. दुसरी गोष्ट, तुमच्या घरात मासा असेल, बजरीगर असेल, ससा असेल. हे कुणीच ‘मला बरं नाही’ म्हणणार नाहीत. त्यांचा नेहमीचा दिवस कसा असतो, हे ज्याला माहीत आहे, त्यालाच बिघडलेला दिवस ओळखता येतो. त्यासाठी रोजची एक ओळ पुरते.

ताई परत आल्यावर वही तिच्याकडे गेली, असं मला वाटत होतं. डिसेंबरमध्ये तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एका पानाचा फोटो पाठवला. अक्षर जिजूंचं : ‘सात रातकिडे. पाणी भरपूर. शी पांढरीशुभ्र. मॅडम माझ्याकडे बघून रागावल्या, म्हणजे तब्येत उत्तम.’