उरलेले तुकडे

'स्मृतिचित्रे' शिकवताना रेव्हरंड टिळकांच्या दातृत्वामागचा लक्ष्मीबाईंचा ओढाताणीचा संसार आम्ही विद्यार्थ्यांना दाखवतो, आणि आम्हांला आमची आई आठवते. रात्री उरलेल्या भाकरीचा ती सकाळी कांदा-मिरची घालून कुस्करा करी. आम्ही नाक मुरडले की म्हणे, "पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घालणाऱ्या प्रभूनेही उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या!" योहानाच्या सहाव्या अध्यायातला हा प्रसंग आम्हांला तोंडपाठ होता. त्या टोपल्यांतले तुकडे पुढे कोणी खाल्ले, हे मात्र शुभवर्तमानात नाही. आमच्या घरी ते आई खात असे. स्वयंपाकघर आमच्या हाती आल्यावर हे ध्यानात आले. तेव्हा आई नव्हती. आता कुस्करा सर्वांच्या ताटांत पडतो, आणि मगच जेवणाची प्रार्थना होते.