खडकीहून पिल्ले आणताना

लोणावळा-पुणे लोकलने खडकीला आम्ही पुष्कळदा उतरलो आहोत; पण बचत गटाच्या पाच भगिनींना घेऊन कोंबडीची पिल्ले आणायला गेलो, तो प्रवास निराळाच. तिघींच्या पिशव्यांत भाकरी आणि गटाच्या पेटीतले पैसे एकीच्या कमरेला. हे पैसे बुडाले तर वस्तीत पुन्हा गटाचे नाव कोणी काढणार नाही, हे सगळ्याजणी जाणून होत्या.

मागचा अनुभव ताजा होता. सायकलला टोपली बांधून गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले विकणारा वस्तीत येतो. पोरे हट्ट धरतात, आया घेऊन देतात. ही पिल्ले बहुधा अंड्याच्या जातीतले नर असतात. अंडी देत नाहीत, मांसही लवकर धरत नाहीत, म्हणून व्यापाऱ्यांना नकोशी झालेली. रंग पिसांबरोबर गळतो, मागे वाळका कोंबडा उरतो. आमच्यातल्या एका आक्काने अंड्यांच्या आशेने अशी पन्नास घेतली होती.

खडकीला पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशी केंद्रे राज्यात चार : पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर. यंत्र असले तरी अंड्याला २१ दिवस लागतातच, म्हणून नाव आधी नोंदवावे, उठून जाऊन हात हलवत परत येऊ नये. शंभर पिल्लांचा पुठ्ठ्याचा खोका मिळतो, आत पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे, बाजूंना भोके. "वाटेत काय खातील बिचारी?" आक्काने विचारले. बाहेर येण्यापूर्वी पिल्लू पिवळा बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते दोनेक दिवस निभावते, म्हणून तर इतक्या लांबून नेता येते. हे ऐकून आक्काचा जीव भांड्यात पडला.

परतताना लोकलमध्ये सगळा डबा चिवचिवत होता. खिडकीची जागा खोक्याला नव्हे, माणसाला दिली. वारा पिल्लांना सोसत नाही.

पुढचा मुक्काम तालुक्याच्या गावातले खाद्याचे दुकान. तिथे पोती, पाण्याची भांडी, आणि एका खोक्यात बदकाची पिल्लेही होती. एका वहिनीचे मन तिथेच अडकले. बदकाला भांडे खोल हवे, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडाली पाहिजे. पण आईवाचून वाढणारे पिल्लू लगेच डबक्यात सोडू नये. पिसांना तेलकटपणा आईकडून मिळतो, नाहीतर ते भिजून गारठते. शिवाय खाली रोज चिखल. वहिनींनी सहा घेतली. आम्ही कारकून माणसे, कागदाशिवाय चैन पडत नाही, म्हणून बिलावर पिल्लांची तारीख लिहून घेतली. दुकानदार हसला, पण लिहून दिली.

गिरिराज बंगळूरची, वनराज हैदराबादची. या जाती परसात चरतात, गावठीपेक्षा जास्त अंडी देतात. मात्र खुडूक सहसा बसत नाहीत, आणि त्यांच्या पिल्लांत तो गुण टिकत नाही. पिल्ले पुन्हा विकतच आणावी लागतात किंवा गावठी कोंबडीखाली अंडी ठेवावी लागतात. हा हिशेब आधीच धरावा.

मावळात भाताच्या गिरणीतून तूस मिळते, ते खाली पसरले. नुसता वर्तमानपत्राचा कागद टाकू नये, त्यावर पाय घसरून फाकतात. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ऊब ३५ अंश, मग दर आठवड्याला थोडी कमी. पिल्ले दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर गारठली आहेत, कडेला पळाली तर तापली आहेत. थर्मामीटर नसला तरी चालते.

आता राहिली लस. राणीखेत हा रोग एका रात्रीत खुराडे रिकामे करतो. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात घालायचा. लस बर्फातून आणावी लागते, आणि कुपी फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवशी कामाची नाही. एका घरात वीस पिल्ले आणि शंभर मात्रांची कुपी, असा तो व्यवहार. म्हणून पाचही घरांनी रविवार ठरवला. सकाळी सात वाजता आक्काच्या अंगणात पाच टोपल्या येणार, आणि थर्मास आम्ही आणणार.